रोगवाहक की साथीदार? सांगली, निपाणी आणि बायण्याचा धडा

वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही वेश्याव्यवसायातील महिलांनी स्वतः चालवलेली संघटना असून ‘व्हॅम्प’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. एड्सची साथ ऐन भरात असताना, १९९६ साली ती सांगलीत आकाराला आली. पुढे पश्चिम महाराष्ट्राचे जिल्हे आणि कर्नाटकातील निपाणीपर्यंत तिचे काम पसरले. साथीच्या काळात रोग आटोक्यात आणायचा असेल, तर ज्यांच्याकडे ‘रोगाचे मूळ’ म्हणून बोट दाखवले जाते त्यांनाच आरोग्ययंत्रणेचे भागीदार करावे लागते, हा या संघटनेच्या कामाचा गाभा आहे. गोमंतकीय वाचकाला हा विषय परका नाही. बायण्याच्या किनाऱ्यावर याच प्रश्नाला गोव्याने वेगळे उत्तर दिले आणि त्याचे परिणामही पाहिले.

लॉक हॉस्पिटल ते एड्स

साथ आणि वेश्या यांची सांगड घालण्याची सवय जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा लागू केला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवणे हा त्याचा हेतू होता. या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रोग आढळलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाई. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषावर तशी सक्ती नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, तपासणीपासून पळू लागल्या आणि रोग हटला नाही. इंग्लंडमध्ये व येथेही विरोध वाढल्यावर १८८८ साली हा कायदा रद्द झाला.

शंभर वर्षांनी तोच प्रकार पुन्हा घडला. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेलप्पन निर्मला यांच्या तपासणीतून भारतातील एचआयव्हीच्या पहिल्या नोंदी झाल्या. ते रक्ताचे नमुने वेश्याव्यवसायातील महिलांचे होते. त्यानंतर तामिळनाडूत बाधित आढळलेल्या काही महिलांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सुधारगृहात अडकवून ठेवले गेले. त्यांच्या सुटकेसाठी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागावी लागली.

गोव्यातही याच मानसिकतेचे दर्शन घडले. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदात्याला, केवळ तो एचआयव्हीबाधित आढळला म्हणून, सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले. हळदोणे येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्याला घरी जाऊ दिले, पण विलगीकरणाची तरतूद पुढे वैधच ठरवली. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. रोग्याला कोंडल्याने रोग कोंडला जात नाही, उलट इतर जण तपासणीकडे पाठ फिरवतात, हा त्या प्रकरणाने शिकवलेला धडा होता.

सीमाभागाचे वास्तव

बेळगावपासून कलबुर्गी-बिदरपर्यंतचा उत्तर कर्नाटकाचा पट्टा आणि त्याला लागून असलेले महाराष्ट्राचे दक्षिणेकडील जिल्हे यांच्यात भाषा, बाजारपेठा आणि सोयरिकींची ये-जा अखंड चालते. सौंदत्तीच्या यल्लम्मेला मुली सोडण्याची देवदासी प्रथाही या सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. कर्नाटकाने १९८२ साली कायदा करून मुली सोडण्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात नवा निर्मूलन कायदा येण्यास २००५ साल उजाडले. तरीही कर्नाटक सरकारच्या दोन सर्वेक्षणांत मिळून ४६ हजारांहून अधिक देवदासींची नोंद झाली. कोरडवाहू शेती, हंगामी मजुरी आणि जातीचा जाच यांत अडकलेल्या कुटुंबांतील मुली सांगली, मिरज, पुणे, मुंबई आणि गोव्याकडे गेल्या. प्रत्येकीची वाट वेगळी होती. कोणाला फसवून विकले गेले, कोणी घरच्या कर्जासाठी हा मार्ग धरला, कोणी अन्य मजुरीपेक्षा यात चार पैसे अधिक मिळतात म्हणून राहिली. धोरण आखताना या तिन्ही प्रकारच्या स्त्रियांना एकच औषध देण्याचा मोह हे पुढील अनेक संघर्षांचे कारण ठरले.

सांगलीचा प्रयोग

संपदा ग्रामीण महिला संस्था, अर्थात ‘संग्राम’, १९९२ साली मीना सेषू यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली, आणि कलकत्त्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी तेथील महिलांना सोबत घेऊन काम सुरू केले. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत ‘संग्राम’ने बाहेरून उपदेशक आणले नाहीत. वस्तीतल्याच महिलांना माहिती दिली, निरोध वाटण्याची जबाबदारी सोपवली आणि दवाखान्यात सोबत नेण्याचे काम दिले. या ‘समवयस्क शिक्षिका’ शेजारणीशी तिच्याच भाषेत, मराठी-कानडीच्या मिश्रणात, बोलत. ज्या गोष्टी डॉक्टरासमोर सांगायला जीभ रेटत नसे, त्या येथे उघडपणे बोलल्या जात.

आरोग्याच्या कामातूनच संघटना जन्मली. ‘वेश्या’ हा शब्द नावात ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक होता, कारण जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो त्याच नावाने हक्क मागायचा होता. आपल्याशी नम्रतेने व आदराने वागले जावे, आपल्यासंबंधीच्या गोष्टींना होकार वा नकार देण्याचा अधिकार आपल्याला असावा, आणि आपल्याला न समजणाऱ्या परक्यांनी आपली ‘सुटका’ करू नये, अशा स्वरूपाची हक्कांची मांडणी या महिलांनी केली. वस्तीतील भांडणे, हिंसा आणि अल्पवयीन मुलींना आणल्याच्या तक्रारी हाताळण्यासाठी तंटामुक्ती समित्या नेमल्या गेल्या. निपाणीत या महिलांच्या मुलांसाठी ‘मित्र’ हे वसतिगृह सुरू झाले. आईचा व्यवसाय शाळेत कळला की मूल शाळा सोडते, हा अनुभव त्यामागे होता.

निरोधाचे गणित

संघटना आणि रोगप्रतिबंध यांचा संबंध नेमका कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे. एचआयव्ही मुख्यतः असुरक्षित संभोगातून पसरतो. गुप्तरोगांमुळे जननेंद्रियांवर जखमा असतील, तर संसर्गाची शक्यता अनेक पटींनी वाढते. म्हणून निरोधाचा वापर, गुप्तरोगांवर वेळेवर उपचार आणि स्वेच्छेने केलेली चाचणी हे प्रतिबंधाचे तीन आधार आहेत.

यांतील पहिला आधार दिसतो तितका सोपा नाही. निरोधास नकार देणारे गिऱ्हाईक एका स्त्रीने परत पाठवले, तर ते शेजारच्या खोलीत जाते. नकार देणारीची त्या दिवसाची कमाई बुडते, रोग मात्र वस्तीत राहतोच. वस्तीतील सगळ्यांनी मिळून ‘निरोधाशिवाय नाही’ असे ठरवले, तरच नकाराची किंमत एकटीला मोजावी लागत नाही. अशी एकजूट भाषणाने घडत नाही. त्यासाठी परस्परांवर विश्वास, अडीअडचणीला पैसा आणि पोलीस वा गुंड दारात आल्यावर सोबत उभे राहणारे माणूस लागते. याच कारणाने हक्कांचे काम आरोग्याच्या कामापासून तोडता येत नाही. पर्समध्ये सापडलेला निरोध पोलिसांनी गुन्ह्याचा पुरावा धरला, तर ती स्त्री दुसऱ्या दिवशी निरोध जवळ बाळगणार नाही.

नव्वदच्या दशकात मुंबईतील तपासण्यांत या महिलांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित आढळत होत्या. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशपातळीवर हे प्रमाण १.५६ टक्के होते. वस्तीपातळीवरील हस्तक्षेप आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागलेले एआरटी उपचार यांचा त्या काळातील बदलात मोठा वाटा आहे.

निपाणीचा विरोध, सांगलीचा छापा

हे काम निर्वेधपणे चालले असे नाही. २००२ साली निपाणीत ‘व्हॅम्प’च्या कार्यकर्त्या महिलांना स्थानिक विरोध आणि पोलिसी जाच यांना तोंड द्यावे लागले. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याच वर्षी भारतातील एड्स कार्यकर्त्यांच्या छळावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याची नोंद आहे. मे २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगरात एका परदेशी संस्थेच्या पुढाकाराने पोलिसी छापा पडला. अल्पवयीन मुलींची सुटका हा त्याचा घोषित हेतू होता, परंतु त्यात सज्ञान महिलाही पकडल्या गेल्या आणि अनेक वर्षांत जुळलेले आरोग्यसेवेचे धागे विस्कटले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या एड्स निधीला एक अट जोडली गेली होती. पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध करणारे धोरण लेखी स्वीकारावे, असे २००३ च्या अमेरिकी कायद्याने ठरवले होते. ‘संग्राम’ने ती अट नाकारली आणि निधीही सोडला. ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांचाच निषेध करणाऱ्या कागदावर सही करून त्यांच्या दारात जाता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या निकालाने परदेशी संस्थांना मात्र ते संरक्षण नाकारले.

बायण्याचे बुलडोझर

वास्कोजवळील बायणा ही गोव्यातील एकेकाळची सर्वांत मोठी वेश्यावस्ती. तेथील बहुसंख्य महिला उत्तर कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या. ‘पॉझिटिव्ह पीपल’सह अनेक संस्थांचे आरोग्यविषयक काम तेथे चालत असे. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने वस्ती बंद करून महिलांचे पुनर्वसन करण्यासंबंधी आदेश दिले. १४ जून २००४ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, सरकारने तेथील झोपड्या व खोल्या जमीनदोस्त केल्या.

व्यवसाय त्यामुळे थांबला नाही. तो लॉज, भाड्याच्या खोल्या, रस्ते आणि पुढे मोबाईल फोनवर विखुरला. या काळात गोव्यातील महिलांमध्ये झालेले संशोधन २००९ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. वस्ती पाडल्याने स्त्रिया अधिक अदृश्य झाल्या, त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड झाले आणि एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामाचा पायाच हलला, असे त्यातून दिसले. याच संशोधनाने या महिलांमधील आत्महत्येच्या प्रयत्नांचे भयावह प्रमाणही समोर आणले.

या प्रश्नाची दुसरी बाजूही गोव्यातच पाहता येते. बायण्यात १९९० च्या दशकात काम सुरू केलेल्या ‘अर्ज’ अर्थात ‘अन्याय रहित जिंदगी’ या संस्थेचा भर व्यापारी लैंगिक शोषणातून बाहेर पडण्यावर आहे. बाहेर पडलेल्या महिलांना तिने ‘स्विफ्ट वॉश’ या यांत्रिक धुलाई केंद्रात रोजगार दिला. सांगलीची आणि गोव्याची भूमिका तत्त्वतः भिन्न असली, तरी पर्यायी कमाई नसलेले पुनर्वसन टिकत नाही, याबाबत दोघींचा अनुभव जुळतो.

टाळेबंदीतील कसोटी

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि हा व्यवसाय एका रात्रीत ठप्प झाला. खोलीभाडे, सावकाराचे व्याज आणि मुलांचे पोट थांबले नाही. शिधापत्रिका नसल्याने अनेकींना सरकारी धान्य मिळेना. बाधित महिलांना एआरटीच्या गोळ्या खंड न पडता मिळणे जिकिरीचे झाले. त्याच वर्षी परदेशी विद्यापीठांतील काही संशोधकांनी वेश्यावस्त्या बंद ठेवल्यास कोरोनाचा प्रसार रोखता येईल, असे प्रारूप मांडले. महिलांच्या संघटनांनी आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली. १८६८ चा तर्कच नव्या आकडेमोडीत परतला होता.

संघटनांचे जाळे या काळात उपयोगी पडले. कोण कोठे राहते, कोणाला कोणते औषध लागते, ही माहिती समवयस्क शिक्षिकांकडे होती. २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता या महिलांना शिधा देण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये देण्याचा निर्णय घेतला. लाभार्थींची ओळख एड्स नियंत्रण यंत्रणेच्या नोंदींतून पटवली गेली. मात्र ज्यांनी भीतीपोटी कधी नावच नोंदवले नाही, त्या या मदतीच्या बाहेर राहिल्या.

कायद्याची आजची स्थिती

वेश्याव्यवसाय भारतात सरसकट बेकायदा आहे, हा समज चुकीचा आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, व्यक्तीला या व्यवसायात आणणे आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने, खासगीरीत्या हा व्यवसाय करणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. परंतु कमाईवर जगण्याचे कलम तिच्या सज्ञान मुलांवर वा वृद्ध आईवरही उलटू शकते.

बुद्धदेव कर्मासकर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १९ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने महत्त्वाचे निर्देश दिले. घटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेला सन्मानाने जगण्याचा अधिकार या महिलांनाही आहे, लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या महिलेस तातडीची वैद्यकीय मदत मिळावी, पोलिसांनी त्यांच्याशी आदराने वागावे, त्यांच्याजवळील निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि छाप्याच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले. व्यवसायाचा उल्लेख न होता आधार कार्ड मिळण्याची सोयही त्यातून झाली. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणे वा बाधिताची ओळख उघड करणे त्यानुसार चालत नाही. डॉमिनिक डिसोझाच्या वाट्याला जे आले, त्याला कायद्याने दिलेले हे उशिराचे उत्तर म्हणता येईल.

अल्पवयीन मुलींना आणि जबरदस्तीने आणलेल्या स्त्रियांना संरक्षण मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो त्या संरक्षणाच्या नावाखाली सज्ञान स्त्रीचे म्हणणे न ऐकण्याबद्दल. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आरोग्यसेविकेला दार उघडले जाईल की नाही, हे त्या दारावर आधी कोण आणि कशासाठी आले होते, यावर ठरेल.