पन्नास रुपयांची पोटगी : एका कलमाचा 140 वर्षांचा प्रवास

#धागा

ऑगस्ट 1979. इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शाहबानो यांना दरमहा 25 रुपये पोटगी मंजूर केली. त्यांनी साठी ओलांडली होती, त्या पाच अपत्यांची आई होत्या आणि त्यांचे पती नामांकित वकील होते. इंग्रज सरकारने 1861 मध्ये पोटगीची जी कमाल मर्यादा घालून दिली होती, ती दरमहा 50 रुपये होती. म्हणजे 118 वर्षांनंतर एका वकिलाच्या पत्नीच्या पदरात तिच्या निम्मी रक्कम पडली. हे कसे घडले, याचा माग घ्यायचा तर शाहबानो खटल्याच्या बरेच मागे जावे लागते.

‘पोटगी’ हा शब्द मराठीला इंग्रजी कायद्याने दिलेला नाही. वतनी व्यवस्थेत गावकामगारांना चाकरीबद्दल जे मिळे, त्यालाही पोटगी म्हणत. टाकलेल्या बायकोच्या किंवा विधवेच्या हक्कासाठी जुन्या दाव्यांत ‘अन्नवस्त्र’ हा शब्द अधिक आढळतो. दोन्ही शब्दांचा अर्थ उघड आहे : पोटापुरते आणि अंगापुरते. त्यापलीकडचा वाटा त्यांत अभिप्रेत नव्हता.

अन्नवस्त्राचा दावा दिवाणी न्यायालयात चाले. त्याला पैसा लागे, वर्षे लागत. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने एक निराळी वाट काढली. ऐपत असून बायकोमुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसाला दंडाधिकारी थेट दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करू शकत होता. हुकूम मोडला तर दंडाप्रमाणे वसुली, आणि तरीही पैसे थकले तर कैद. धर्म कोणताही असो, कलम एकच.

यात स्त्रीविषयी कळवळा होता, असे समजण्याचे कारण नाही. 1872 च्या संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की हे प्रकरण भटकेगिरी, किंवा निदान तिचे परिणाम, रोखण्यासाठी आहे. इंग्लंडमध्ये निराधार कुटुंबाचा भार पॅरिशवर पडे, म्हणून बायकोला वाऱ्यावर सोडणारा नवरा 1824 च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने शिक्षेस पात्र ठरत असे. तोच विचार जहाजात बसून इकडे आला. बाई रस्त्यावर येऊ नये एवढीच चिंता असल्यावर रकमेला छप्पर हवेच, आणि ते 50 रुपयांचे होते.

खरी मेख अटींत होती. पुरेशा कारणाशिवाय पतीकडे राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, असे कलमच सांगत होते. त्यामुळे न्यायालयात उभे राहून ‘मी हिला नांदवायला तयार आहे’ एवढे म्हणणे हा नवऱ्याचा हुकमी बचाव ठरला. घरात सवत आणून बसवली असली, तरी तेवढ्यावरून वेगळे राहण्याचा हक्क मिळेलच याची खात्री नव्हती.

नांदायला नकार देणाऱ्या स्त्रीकडे त्या काळचा कायदा कसा पाहत होता, हे मुंबईने रखमाबाईंच्या खटल्यात पाहिले. बालपणी झालेले लग्न त्यांनी नाकारले. मार्च 1887 मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. 1888 मध्ये तडजोड झाली तेव्हा खर्चापोटी 2000 रुपये हात बदलून गेले खरे, पण ते पतीला मिळाले. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. नांदण्याच्या हुकूमनाम्यासाठी पत्नीला कैद करण्याची तरतूद मात्र 1923 पर्यंत टिकली.

त्याच 1923 मध्ये पोटगीची मर्यादा 50 वरून 100 रुपयांवर गेली. साठ वर्षांत एवढीच वाढ! कलमाचा क्रमांक तेव्हा 488 होता, आणि जुन्या वकिलांच्या तोंडी तो बराच काळ राहिला.

हिंदू स्त्रीसाठी मोठा बदल 1946 मध्ये आला. पतीचा दुसरा विवाह, क्रूरता, परित्याग, धर्मांतर अशा कारणांवरून विवाह न मोडता वेगळे राहण्याचा आणि पोटगी घेण्याचा हक्क मध्यवर्ती कायद्याने मान्य केला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हिंदू पुरुषाचा द्विभार्या विवाह गुन्हा ठरवला आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. 1949 मध्ये 488 मध्येही दुरुस्ती झाली : पतीने दुसरी पत्नी केली असेल किंवा रखेली ठेवली असेल, तर त्याच्याकडे राहण्यास पत्नीचा नकार न्याय्य मानावा. ‘नांदवायला तयार’ या बचावाची धार इथे पहिल्यांदा बोथट झाली. 1955 मध्ये मर्यादा 500 रुपये झाली.

एक पळवाट उरली होती. कलमात ‘पत्नी’ हा शब्द होता, त्यामुळे पोटगीचा हुकूम होताच तलाक देऊन मोकळे होणे शक्य होते. 1973 च्या नव्या संहितेत 488 चे 125 झाले आणि पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता ‘पत्नी’च्या व्याख्येत आली. आईवडिलांनाही हक्क मिळाला. मात्र कलम 127 मध्ये एक सवलत घुसली : व्यक्तिगत कायद्यानुसार घटस्फोटाच्या वेळी देय असलेली सारी रक्कम दिली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द व्हावा.

या सवलतीची पहिली मोठी परीक्षा मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या खटल्यात झाली. मेहरचे 5000 आणि इद्दतचे 180 रुपये चुकते केले, विषय संपला, असे पतीचे म्हणणे. 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले. ती रक्कम पोटगीची जागा घेण्याइतकी नसेल, तर नवरा सुटत नाही. त्याच वर्षी त्यांनी दुसऱ्या एका खटल्यात 500 ची मर्यादा साऱ्या कुटुंबाला मिळून नसून प्रत्येक आश्रिताला स्वतंत्र आहे, असाही अर्थ लावला. छप्पर उचलता येत नव्हते, म्हणून न्यायालयाने खोल्या वाढवल्या.

शाहबानोंनी अर्ज केला तोही 1978 मध्येच, एप्रिलमध्ये. मागणी होती पूर्ण 500 ची. नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांच्या 25 रुपयांचे उच्च न्यायालयाने 1980 मध्ये 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्या रकमेविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेला! 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला.

पुढचे वादळ सर्वांना ठाऊक आहे. त्यात शाहबानोंनी स्वतःच निकालापासून अंतर राखल्याचे जाहीर केले, हे मात्र विसरले जाते. महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी 1970 मध्ये स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ निकालाच्या बाजूने रस्त्यावर उतरले. 1986 च्या कायद्याने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांची वाट वेगळी केली. पण टाकलेल्यांचा प्रश्न एका धर्माचा नव्हताच : 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने यमुनाबाई आढाव खटल्यात, पहिली पत्नी हयात असताना जिच्याशी लग्न लावले ती हिंदू स्त्री कलम 125 खाली ‘पत्नी’ नाही, असे ठरवले. फसवणूक पुरुषाने करावी आणि पोटगी बाईची जावी, हा विपर्यास दूर व्हायला 2013 उजाडले. तेव्हा पहिले लग्न लपवून फसवल्या गेलेल्या महाराष्ट्रातीलच एका स्त्रीला न्यायालयाने पोटगी दिली.

आणि ते 500 रुपये? 1955 ची मर्यादा 1973 च्या संहितेत तशीच उतरली आणि 24 सप्टेंबर 2001 पर्यंत केंद्रीय कायद्यात टिकली. काही राज्यांनी वाट न पाहता स्वतःपुरती ती वाढवली होती. त्या दिवशी मर्यादाच रद्द झाली. बरोबर चार दिवसांनी, 28 सप्टेंबरला, 1986 च्या कायद्यालाही असा अर्थ मिळाला की पतीने पत्नीच्या पुढील आयुष्याची रास्त तरतूद इद्दतीच्या मुदतीतच केली पाहिजे. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो, ते दानियल लतिफी हे शाहबानोंचे वकील होते. शाहबानो मात्र हा निकाल पाहायला नव्हत्या. 1992 मध्येच त्यांचे निधन झाले होते.

नागपूरहून गेलेल्या एका खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे ठरवून दिले. मूळ अर्ज 2013 चा होता. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम 125 ची वाटही खुली असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. पण त्याआधी नऊच दिवस, 1 जुलैला, नवी संहिता लागू होऊन 125 इतिहासजमा झाले होते. आता त्या कलमाचा क्रमांक 144 आहे.