वेताळाच्या सावलीतला बहादूर

आपल्या सोसायटीतल्या मुलांना 'सुपरहिरो' म्हटलं की स्पायडरमॅन आठवतो. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण याच इमारतींत पन्नाशी-साठी ओलांडलेली निदान वीस-पंचवीस माणसं अशी आहेत, की त्यांच्यासमोर नुसतं 'वेताळ' म्हटलं तरी उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली जाते. या स्मरणिकेत पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास येणारच आहे. समितीने मला "काहीही लिहा, पण जुनं लिहा" अशी मोकळीक दिली, म्हणून आमच्या पिढीने डोळे फोडून जे वाचलं त्याचा इतिहास लिहितो. आणि खरं सांगायचं तर एका माणसाची बाजू मांडायची आहे. तो माणूस वेताळ नव्हे. त्याचं नाव बहादूर.

आधी घराण्याची ओळख. मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने, म्हणजे बेनेट कोलमनने, 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. किंमत साठ पैसे. पहिल्या अंकाची गोष्ट वेताळाच्या पट्ट्याची होती. पहिले बत्तीस अंक नुसत्या वेताळाचेच. सुरुवातीच्या अंकांत गोष्टीची पानं कमी आणि बाकी सामान्य ज्ञान वगैरे, म्हणजे आई-वडिलांनी ओरडू नये याची सोय. पुढे मॅन्ड्रेक जादूगार आला, फ्लॅश गॉर्डन आला. १९६७ पासून मासिकाचं पाक्षिक झालं, १९८१ मध्ये साप्ताहिक. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा कितीतरी भाषांत ते निघायचं. मुंबईतल्या गुजराती शेजाऱ्याकडचा अंक आणि आपल्याकडचा अंक शेजारी ठेवले की चित्रं तीच, फुग्यातली भाषा वेगळी. माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीचं श्रेय त्या फुग्यांना आहे.

वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक नावाच्या लेखकाने १९३४ मध्ये मॅन्ड्रेक आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये 'फँटम' वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीसाठी निर्माण केला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. अंगाबरोबर शिवल्यासारखा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं न दिसणारे पांढरे डोळे, हा सगळा थाट वेताळाने सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी केला होता. नातवंडांशी वाद घालताना हा मुद्दा हाताशी असू द्यावा.

आपल्याकडे आल्यावर त्याच्यात थोडा फेरफार करावा लागला. फॉकने वेताळाचं जंगल 'बंगाला'त ठेवलं होतं, त्याच्या पूर्वजाला मारणाऱ्या चाच्यांचं नाव 'सिंग' होतं आणि एका खलनायकाचं नाव चक्क 'रामा'. हे भारतात कसं खपणार? इंद्रजालवाल्यांनी बंगालाचं डेंकाली केलं, सिंगचं सिंगा केलं आणि रामाचा रामालू. आम्ही पोरं नकाशाच्या पुस्तकात डेंकाली शोधायचो.

पण सगळ्यात मोठी करामत नावाची. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला. मराठीत आणि हिंदीत ज्याने कुणी 'वेताळ' हे नाव सुचवलं, त्याला मी मनातल्या मनात कितीदा तरी नमस्कार केला आहे. वेताळ आपल्याला 'चांदोबा'मुळे ठाऊक होता, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा. कोकणातल्या माणसांना त्याहून जवळचा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे देवाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. आता बघा, रात्री फिरणारा, कधीही न मरणारा, सज्जनांचा राखणदार आणि दुर्जनांचा कर्दनकाळ. फॉकने अमेरिकेत बसून लिहिलेलं हे वर्णन कोकणातल्या आजीला वाचून दाखवलं असतं, तर तिने "मग यात नवीन काय सांगितलंस?" असंच विचारलं असतं. म्हणून वेताळ परका वाटलाच नाही. उजव्या हातातल्या अंगठीने दुष्टांच्या जबड्यावर कवटी उमटायची, डाव्या हातातल्या अंगठीचं चिन्ह मित्रांना अभय द्यायचं. चारशे वर्षं बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, हा एकविसावा, आणि जगाला वाटतं की माणूस एकच, अमर. गुरन, घोडा हीरो, लांडगा डेव्हिल, डायना. ही नावं आमच्या वर्गातल्या हजेरीपेक्षा चांगली पाठ होती.

मोठेपणी पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते, ती लिहिलीच पाहिजे. गोरा माणूस कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला आणि जंगलातले सगळे काळे लोक त्याच्या भरवशावर. मॅन्ड्रेकचा साथी लोथार तर सुरुवातीच्या काळात बिबट्याचं कातडं पांघरून अडखळत बोलायचा. पुढे १९६५ च्या सुमारास चित्रकार बदलला, तसा लोथारला माणसासारखा पोशाख आणि नीट भाषा मिळाली. त्या वयात आम्हाला हे काही कळत नव्हतं. काळापहाड आणि झुंजार यांच्या कथा वाचून वाढलेल्या आमच्या वडिलांनाही त्याचं काही वाटलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपण बंद केलेलं पुस्तक वडील चोरून वाचतात, हा शोध मला कॉमिक्समुळेच लागला.

वेताळ-मॅन्ड्रेकच्या मध्ये मध्ये इतर मंडळी यायची. कुणाला आठवतात का ती? रिप किर्बी, चष्मा लावणारा, पाइप ओढणारा, शांत डिटेक्टिव्ह. त्याचा नोकर डेस्मंड हा पूर्वाश्रमीचा घरफोड्या. मारामारीपेक्षा विचार जास्त, म्हणून तेव्हा कंटाळवाणा वाटायचा, आज सगळ्यात आवडतो. बझ सॉयर हा विमान चालवणारा. केरी ड्रेक हा पोलीस. तो लग्न करतो आणि त्याला एकदम चार मुलं होतात, हे सुपरहिरोंच्या दुनियेतलं सगळ्यात खरं संकट. माइक नोमॅड, फिल कॉरिगन, आणि इंग्लंडहून आलेला गार्थ, जो काळाच्या मागेपुढे प्रवास करायचा. वेताळाचा अंक समजून घेतला आणि आत गार्थ निघाला, की तोंड उतरायचं. या लोकांना तेव्हाही कुणी 'माझा हिरो' म्हटलं नाही. स्टार्टरवरचं लोणचं म्हणा, पण त्याच्याशिवाय ताट अपुरं.

आता बहादूर.

१९७६ साल. आणीबाणी चालू होती. चंबळचे डाकू हा विषय घराघरात होता. १९७२ मध्ये जयप्रकाशजींसमोर माधोसिंग, मोहरसिंग यांनी शस्त्रं खाली ठेवली होती आणि १९७५ मध्ये 'शोले' येऊन गेला होता. अशा वेळी इंद्रजालला आपला, देशी नायक हवा होता. तो लिहिला आबिद सुरती यांनी आणि चितारला गोविंद ब्राह्मणिया यांनी. इंद्रजालच्या कित्येक मुखपृष्ठांवरचा वेताळ याच गोविंद यांच्या हातचा, त्यामुळे हात सरावलेला होता. पण या खेपेला मुखवटा नव्हता, अंगठी नव्हती, जादू नव्हती. कुर्ता आणि जीन्स घातलेला एक तरुण.

त्याची गोष्ट सुरू होते तीच अवघड जागी. बहादूरचा बाप डाकू. पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा सूडाची शपथ घेतो. वेताळाच्या गोष्टीतही मुळात बापाच्या खुनाची शपथच आहे, पण तिथे बाप निर्दोष आणि मारणारे चाचे. इथे उलट. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो विशाल नावाचा पोलीस अधिकारी सज्जन आहे आणि आपल्या बापाने गावोगावी काय करून ठेवलंय हे मुलाला हळूहळू कळतं. बारा वर्षांच्या पोराला हे वाचताना घशात काहीतरी अडकायचं. आपला बाप चुकीचा असू शकतो, हे त्या काळच्या बालवाङ्मयात कोण सांगत होतं?

मग बहादूर काय करतो? एकटा मुखवटा चढवून रात्री बाहेर पडत नाही. तो 'नागरिक सुरक्षा दल' काढतो. गावातली माणसं गोळा करायची, त्यांना शिकवायचं, पोलिसांशी सांधा जुळवायचा आणि डाकू आले की पळायचं नाही. साथीला लाखन, आणि बेला. बेला ही नायकाची वाट बघत खिडकीत बसणारी नव्हती, हाणामारीत ती त्याच्या बरोबरीने असायची. बहादूर आणि बेला यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि ती दोघं एकत्र राहत. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांच्या हातात हे पुस्तक होतं आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. बहुधा मोठ्यांनी बहादूरचे अंक उघडलेच नसावेत.

तेव्हा मला, अगदी मनापासून सांगतो, वेताळच जास्त आवडायचा. दलाच्या बैठका, पहारे, गावकऱ्यांची समजूत घालणं यात कसली मजा? पण गेली पंचवीस वर्षं सोसायटीच्या सर्वसाधारण सभांना बसल्यावर बहादूरच्या ताकदीचा अंदाज आला. चाळीस माणसांना एका ठरावावर आणणं हे सिंहाशी झुंजण्यापेक्षा सोपं नाही. पार्किंगच्या प्रश्नावर तर वेतोबाच्याही चपला झिजतील.

पुढे सुरती यांच्याकडून लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं. डाकू मागे पडले, वेगळे गुन्हेगार आले, आणि माझ्या मते बहादूरची माती थोडी सुटली. तोवर बाजारही बदलत होता. १९८० च्या आसपास 'सुप्रीमो' आला, चक्क अमिताभ बच्चन सुपरहिरो. त्याचे साथीदार विजय आणि अँथनी. ती चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. 'अमर चित्र कथा'मधली कितीतरी पुस्तकं त्यांनी काढली होती आणि १९८६ मध्ये 'राज कॉमिक्स'चा नागराज आला, त्याच्याही सुरुवातीच्या अंकांना मुळीकांचाच हात होता. आपल्या पुण्याच्या माणसाने अमिताभ, नागराज आणि पुराणातले देव असे सगळे एका कुंचल्याने उभे केले, हे किती जणांना माहीत आहे? सुप्रीमो दोनेक वर्षांत बंद पडला. रविवारी सकाळी 'रामायण' आणि मग 'महाभारत' सुरू झालं. एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल थांबलं. एकूण अंक निघाले ८०३, मध्ये १२३ आणि १२४ हे दोन संपामुळे निघालेच नाहीत. हे दोन अंक शोधण्यात मी एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली आहे.

बंद पडल्यावर कोण उरलं ते बघण्यासारखं आहे. वेताळ आणि मॅन्ड्रेकचे हक्क अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीकडे, त्यामुळे त्यांची पुस्तकं आपल्याकडे 'डायमंड कॉमिक्स'ने काढली, नंतर आणखी कुणी काढली. परदेशात तर फॉक १९९९ मध्ये गेले तरी वेताळ चालूच राहिला. बहादूरच्या वाट्याला असा दुसरा डाव फारसा आला नाही. इंग्रजी आणि हिंदी अंक अजून कुठे कुठे जुन्या पुस्तकवाल्यांकडे दिसतात, हौशी लोक चढ्या भावाने घेतात. मराठी अंक मात्र दिसेनासे झालेत. रद्दीवाल्याने कॉमिक्स कधी वेगळी काढली नाहीत. वजनात सगळं सारखंच. ज्यांनी त्या फुग्यांत इतकं चटपटीत मराठी भरलं त्यांची नावं आम्ही वाचकांनी कधी विचारली नाहीत आणि आता विचारायला अंकच हाताशी नाहीत. मराठीत बहादूर नेमका कसा बोलायचा, हे आज मला आठवणीवरच सांगावं लागतं.

बहादूरचे जनक मात्र गोष्टीतल्यासारखेच निघाले. आबिद सुरती यांनी 'धर्मयुग'मधला ढब्बूजी काढला, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि सत्तरी ओलांडल्यावर, २००७ मध्ये, मीरा रोडला 'ड्रॉप डेड' नावाचं काम सुरू केलं. दर रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती बरोबर घ्यायची, एखादी इमारत गाठायची, दारोदार बेल वाजवून विचारायचं, तुमच्याकडे गळका नळ आहे का? असला तर वायसर बदलून द्यायचा, फुकट. पहिल्याच वर्षात दीड हजाराहून जास्त घरं त्यांनी अशी पालथी घातली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, "अगं, हे नागरिक सुरक्षा दलच आहे." ती म्हणाली, "मग आधी आपल्या मोरीतला नळ बघ."

तर मंडळी, एक विनंती. इमारतीला रंग काढायच्या निमित्ताने यंदा सगळ्यांचे माळे रिकामे होणार आहेत. जुन्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात एखादा मराठी इंद्रजाल सापडला, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी, तो रद्दीत देऊ नका. सोसायटीच्या कार्यालयात वाचनालयाचं कपाट आहे, त्याचा खालचा खण समितीने यासाठी मोकळा करून दिला आहे. अंक द्यायचा नसेल तर नुसता दाखवा, मी तुमच्यासमोर बसून वाचीन आणि परत देईन. बहादूरचा असेल तर रात्री अकरा वाजता बेल वाजवली तरी चालेल.