हळदीचा फोटो निळा का यायचा

लग्नसराईत आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त तक्रारी यायच्या त्या हळदीच्या फोटोंच्या. पिवळी साडी, झेंडूच्या माळा, अंगभर हळद, आणि नवरीचा चेहरा मात्र निळसर, चार दिवस तापात असल्यासारखा. गिऱ्हाईक फोटोग्राफरवर डाफरायचं, फोटोग्राफर आमच्यावर. फोटो बरोबर काढलेला असायचा, केमिकलही ताजं. मशीनचा हिशेबच तसा होता.

तो हिशेब कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांचा, १९५१ सालच्या पेटंटमधला. आकाश, गवत, माणसं, कपडे, सगळं एकत्र घोटलं तर बहुतेक फोटोंची सरासरी राखाडीच्या आसपास येते. मग प्रत्येक निगेटिव्ह निरखत बसायचं कशाला? लाल, हिरवा आणि निळा प्रकाश असा मोजून द्यायचा की अख्ख्या प्रिंटची बेरीज राखाडी भरेल. सहलीचे फोटो यावर झकास निघत. पण एकाच रंगाने फ्रेम भरली की मशीनला तो रंगच दोष वाटे. हळदीचा पिवळा ते निळ्याने मारी. लाल शालूचा क्लोजअप असला तर चेहऱ्यावर सायन चढे, आणि हिरव्या लॉनवरची वऱ्हाडी मंडळी गुलाबी होत.

त्याआधीच्या पिढ्यांना ही कटकट नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. पुढच्या दशकांत आपल्याकडच्या स्टुडिओंतून चित्रकार काळ्यापांढऱ्या प्रिंटवर हाताने रंग भरू लागले. साडी कुठल्या रंगाची ते गिऱ्हाइकाला विचारलं की झालं.

आमच्या हाती ब्रशऐवजी बटणं आली: पिवळा, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी. लाइटबॉक्सवर नारिंगी निगेटिव्ह धरायचं. त्यात सगळं उलटं. पिवळी साडी निळी दिसते. निळ्याचा असा मोठा पट्टा दिसला की हळद ओळखायची आणि पिवळा दोन घरं वाढवायचा. रंग ठरवायचा तो प्रिंट पूर्ण सुकल्यावर, कारण ओल्या कागदावर निळसर झाक असते. तोही ट्यूबलाइटखाली नाही, दारात जाऊन.

मशीन सकाळी लावायचं ते नमुन्याच्या निगेटिव्हवरून. कोडॅकने लॅबना पुरवलेल्या अशा नमुन्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली पेज. कित्येक वर्षं त्यावर गोरी बाईच असे. तिची कांती जुळली की मशीन 'बरोबर'. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे काळवंडत, याची ओरड अमेरिकेत बरीच झाली. पण फिल्म सुधारायला जोर लावला तो फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांनी, त्यांच्या जाहिरातीत तपकिरी छटा नीट उठत नव्हत्या म्हणून! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं आली ती १९९०च्या दशकात.

लॅबचे दिवस संपले. आता सोसायटीतली मंडळी घरच्या इंकजेटवर काढलेले प्रिंट घेऊन येतात, आणि रोग पाहावा तर तोच. ड्रायव्हरमधलं 'ऑटो' किंवा 'फोटो एन्हान्स' चालू असतं. तेही फोटो बघून अंदाजच बांधतं. शिवाय रंगाचा कारभार एकाच वेळी दोघांकडे. यंत्रायंत्रांत रंगाची बोली एक असावी म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी आयसीसी ही संस्था स्थापन केली, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे रंगांचं सामाईक माप सुचवलं. व्यवस्था चांगली आहे. पण फोटोचा प्रोग्रॅम एकदा रंग बदलतो, प्रिंटर त्यावर पुन्हा बदलतो, आणि चेहरे तांबूस निघतात.

म्हणून आधी नॉझल चेक काढा. एक शाई जरी अडली असेल तरी बाकीची खटपट फुकट. कागद जो घातलाय तोच ड्रायव्हरमध्ये निवडा. स्क्रीनचा उजेड कमी करा, नाहीतर प्रिंट काळपट वाटणारच. 'ऑटो' बंद करा आणि रंग प्रोग्रॅमने सांभाळायचा की प्रिंटरने, ते एकदाच ठरवा. हळदीचा फोटो असेल तर अख्खं पान घालवू नका, चेहऱ्याएवढी पट्टी छापा आणि ती सुकल्यावर खिडकीत नेऊन बघा.