दिनविशेष, २७ जुलै : केबल कंपनीला दाखवला बाहेरचा रस्ता

राज्यात वीस लाखांच्या आसपास ग्राहक असलेल्या चार्टर कम्युनिकेशन्स या केबल कंपनीला 'आमच्या राज्यातून चालते व्हा' असे सांगण्याची हिंमत न्यूयॉर्क राज्याने २०१८ मध्ये आजच्या दिवशी दाखवली. टाइम वॉर्नर केबल ही दुसरी कंपनी विकत घ्यायला चार्टरला राज्याकडून २०१६ मध्ये परवानगी मिळाली होती, पण अटींवर. मुख्य अट अशी, की वेगवान इंटरनेट न पोहोचलेल्या, विरळ वस्तीच्या भागांतील १ लाख ४५ हजार घरे-दुकानांपर्यंत चार वर्षांत जाळे न्यायचे. खेड्यात एकेका घरासाठी लांबवर तार ओढावी लागते आणि ग्राहक मिळतो एकच. अट घातली नाही तर तिकडे कोण फिरकणार?

कंपनीने मुदती चुकवल्या. शिवाय पूर्ण केलेल्या कामाच्या यादीत न्यूयॉर्क शहरातले पत्तेही घातले. तिथे तर जाळे आधीपासूनच होते, असे वीज, केबल अशा सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाचे म्हणणे. दंड झाला, तरी फरक पडेना. अखेर आयोगाने परवानगीच रद्द केली आणि सेवा खंडित न होता कारभार दुसऱ्याकडे कसा सोपवणार, याचा आराखडा ६० दिवसांत मागितला. कंपनीने आरोप फेटाळले.

प्रत्यक्षात कंपनी गेली नाही. २०१९ मध्ये तडजोड झाली : १ लाख ४५ हजार पत्ते न्यूयॉर्क शहराबाहेरचेच, मुदत सप्टेंबर २०२१ पर्यंत आणि ब्रॉडबँड विस्तारासाठी आणखी १ कोटी २० लाख डॉलर. परवानगी रद्द करण्याचा बडगा उगारला नसता, तर एवढे पदरात पडले नसते.