महमूद गवान : फौजेचा हिशेब मागणारा वजीर

बिदरला गेलेला माणूस महमूद गवानचा मदरसा पाहिल्याशिवाय परतत नाही. 1472 साली उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या भिंतींवर रंगीत फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. इथे तीन हजार ग्रंथ होते, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्यामुळे गवान म्हटले की विद्वान, ग्रंथप्रेमी, फारसी पत्रलेखनाचा उस्ताद, अशीच प्रतिमा समोर येते. ती खोटी नाही. पण या माणसाचे रोजचे काम वेगळे होते. राज्याची फौज कशी असावी, किल्ले कोणाच्या ताब्यात असावेत, सरदाराला मिळणाऱ्या पैशांतून खरोखर किती स्वार उभे राहतात, घोडे कुठून यावेत, यावर सुलतानाला सल्ला देणे आणि तो अमलात आणणे हे त्याचे काम होते. त्याचा जीवही याच कामाने घेतला.

गवान मूळचा इराणमधल्या गिलान प्रांताचा. 1453 च्या सुमारास, चाळिशी ओलांडल्यावर, तो कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. आला होता व्यापारी म्हणून. बिदरच्या दरबारात सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याने त्याला ठेवून घेतले. पुढे हुमायून शाहने ‘मलिक-उत-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा किताब दिला. 1461 मध्ये हुमायून वारला तेव्हा गादीवर आठ वर्षांचा मुलगा बसला. कारभारासाठी तिघांचे मंडळ नेमले गेले : राजमाता, ख्वाजा-ए-जहान तुर्क आणि महमूद गवान. दोन वर्षांत तो बालसुलतानही वारला आणि त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद शाह तिसरा गादीवर आला. तोही लहानच. म्हणजे राज्याचे लष्करी निर्णय ज्याच्या नावाने निघत होते, त्याला ते समजण्याचे वय नव्हते. सगळा भार सल्लागारांवर होता.

1462 मध्ये माळव्याचा सुलतान महमूद खिलजी बहामनी राज्यावर चालून आला. बिदर शहर त्याच्या हाती पडले आणि दरबाराला माघार घ्यावी लागली. तेव्हा गवानने गुजरातच्या महमूद बेगडाकडे मदत मागितली. गुजरातची फौज हलताच खिलजीला परतावे लागले. ‘मुस्लिम राजवट’ हा एकसंध प्रकार होता असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. चाल करणारा मुस्लिम, बचाव करणारा मुस्लिम, मदतीला येणाराही मुस्लिम. हिशेब धर्माचा नव्हता, शेजाऱ्यांच्या बळाचा होता.

नंतर आली कोकणची मोहीम. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, इथले राजे समुद्रातल्या जहाजांना आणि हज यात्रेकरूंना लुटतात, असे कारण पुढे केले गेले. यापूर्वी याच जंगलात खलफ हसन बसरी हा बहामनी सरदार मोठ्या फौजेसह कापला गेला होता. घाटातल्या वाटा आणि पाऊस यांच्यापुढे मोठी फौज कुचकामी ठरते, हे गवानने ध्यानात घेतले. त्याने घाई केली नाही. जंगल तोडून वाटा मोकळ्या केल्या, पावसाळ्यात फौज कोल्हापूरकडे मागे आणली आणि पुन्हा पुढे सरकला. खेळण्यासारख्या किल्ल्यासाठी तलवारीबरोबर वाटाघाटी आणि पैसाही वापरला. ‘रियाज-उल-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात या काळातली पत्रे आहेत. आपण आघाडीवर झुंजत असताना बिदरमधले विरोधक आपल्या कामात अडथळे आणत आहेत, अशी तक्रार त्यांत दिसते. राजधानीपासून दूर असलेल्या सल्लागाराची ही जुनी अडचण आहे. तो मैदानात असतो तेव्हा दरबारात त्याच्याविषयी दुसरेच कोणीतरी बोलत असते.

फेब्रुवारी 1472 मध्ये गोवा बहामनी राज्यात आले. त्याचे महत्त्व कळायला घोड्यांचा व्यापार समजून घ्यावा लागतो. दख्खनमध्ये चांगल्या जातीचे युद्धाचे घोडे पुरेसे पैदा होत नसत. ते अरबस्तान आणि इराणमधून समुद्रमार्गे यायचे. याच काळात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. तिथल्या असद खान या अधिकाऱ्याने तो घोडा काढून घेतला आणि निकितिनला तो मोठ्या मुश्किलीने परत मिळाला. एका परदेशी व्यापाऱ्याच्या एका घोड्यावर अधिकाऱ्याचा डोळा असावा, यावरूनच घोड्याची किंमत कळते. गोवा हातात आले म्हणजे घोड्यांचे मोठे बंदर हातात आले, आणि विजयनगरला तिथून होणारा पुरवठा तुटला. व्यापारी असलेल्या वजिराला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

याच निकितिनने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. इथले उमराव वैभवात लोळतात आणि खेड्यातली रयत हलाखीत आहे. गवानच्या कर्तबगारीचे कौतुक करताना ही नोंदही सोबत ठेवली पाहिजे. लाखोंच्या फौजा रयतेच्या घामावरच पोसल्या जात होत्या.

राज्य समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरले, पण त्याची व्यवस्था शंभर वर्षे जुनी होती. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण अशा चार ‘तरफा’, आणि प्रत्येकीवर एक तरफदार. त्या तरफेतले किल्ले त्याचे, किल्लेदार त्याने नेमलेले, फौज त्याची. असा सरदार सुलतानाचे ऐकतो ते मन असेपर्यंतच. गवानने चाराच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडातून गाविलगड आणि माहूर, दौलताबादमधून दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्यातून गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणातून वरंगळ आणि राजमहेंद्री. प्रत्येक तरफेतले काही परगणे थेट सुलतानाच्या खासगीत घेतले. सगळ्यात मोठा निर्णय किल्ल्यांचा होता. तरफदाराकडे फक्त एक किल्ला राहील, बाकीच्या सर्व किल्ल्यांवरचे किल्लेदार मध्यवर्ती सत्ता नेमेल आणि त्यांचा पगारही तीच देईल.

दुसरी सुधारणा पगाराची. पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत, ते सव्वा लाख केले. हजार स्वारांच्या सरदाराचे दोन लाखांचे अडीच लाख झाले. जहागिरीचे उत्पन्न कमी पडले तर तूट खजिन्यातून भरून मिळणार होती. पण मोजणीत ठरल्यापेक्षा एक जरी स्वार कमी भरला, तर त्याचे पैसे कापले जाणार होते. कागदावर हजार आणि मैदानात सहाशे हा प्रकार कुठल्याही काळातल्या फौजेला लागलेली वाळवी आहे. पैसे वाढवून दिले, पण हिशेबही मागितला. सरदारांना यातला पहिला भाग आवडला आणि दुसरा झोंबला.

नेमणुका करताना गवानने तोल सांभाळायचा प्रयत्न केला. त्या वेळी दरबार दोन गटांत दुभंगलेला होता. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले दख्खनी आणि त्यांच्या बाजूचे हबशी एकीकडे, तर इराण, तुर्कस्तानातून नव्याने आलेले आफाकी दुसरीकडे. गवान स्वतः आफाकी. तरीही गाविलगड फतहउल्ला इमाद-उल-मुल्क या दख्खनीला, माहूर आणि गुलबर्गा हबशी सरदारांना, राजमहेंद्री मलिक हसन बहरी या दख्खनीला, तर दौलताबाद यूसुफ आदिल खान या आफाकीला मिळाले. विजापूर त्याने स्वतःकडे ठेवले, हेही सांगायला हवे. मलिक हसन धर्मांतरित होता. त्याच्या घराण्याचे मूळ आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण कुळाशी जोडले जाते. पदे वाटून मने जुळली नाहीत. ज्यांची सत्ता निम्मी झाली त्यांना आपल्या गटाला काय मिळाले यापेक्षा आपल्याकडून काय गेले हेच दिसत होते.

पुढची हकीकत फरिश्ताने दिली आहे. गवानची मोहोर सांभाळणाऱ्या हबशी सेवकाला विरोधकांनी दारू पाजून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली. त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून पत्र लिहिले गेले : सुलतान दारूत बुडाला आहे, तुम्ही चाल करा, मी मदत करतो. यूसुफ आदिल खान दूर मोहिमेवर असताना हे पत्र सुलतानासमोर आले. मित्रांनी गवानला गुजरातकडे निघून जाण्याचा सल्ला दिला. तो गेला नाही. मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्याने सांगितले. चौकशी झाली नाही. मोहोर उठवणाऱ्याला बोलावले गेले नाही. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरी ओलांडलेल्या वजिराची गर्दन मारण्यात आली.

जवळजवळ तीस वर्षे या मातीत घालवलेल्या माणसावर शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप एका कागदाच्या जोरावर टिकला. त्याने जिंकून दिलेली बंदरे आणि किल्ले त्याच्या बाजूने साक्ष द्यायला पुरले नाहीत. ‘बाहेरचा’ ठरवलेल्या माणसाच्या निष्ठेला पुरावा लागतो आणि त्याच्यावरच्या आरोपाला लागत नाही, ही गोष्ट पंधराव्या शतकात संपली असे म्हणवत नाही. फरक एवढाच की इथे ठरवणारे आणि ठरवला गेलेला, दोघेही एकाच मशिदीत नमाज पढणारे होते.

सुलतानाने गवानची संपत्ती जप्त करायला माणसे पाठवली. मोठे घबाड मिळेल ही अपेक्षा फोल ठरली. जहागिरीचे उत्पन्न फौज आणि जनावरांवर खर्च होत होते, आणि स्वतःचा खर्च तो आपल्या व्यापाराच्या भांडवलातून चालवत होता, असे खजिनदाराने सांगितले. मुहम्मद शाह पुढच्याच वर्षी, 1482 मध्ये, वारला. त्यानंतर किल्ल्यांची आणि फौजेची ती व्यवस्था सांभाळणारे कोणी उरले नाही. 1490 च्या सुमारास यूसुफ आदिल खान विजापुरात, मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद अहमदनगरच्या निजामशाहीत आणि फतहउल्ला वऱ्हाडात स्वतंत्र झाले. पुढे गोवळकोंडा गेले, आणि बिदरमध्ये बरीदांनी सत्ता बळकावली. गवान ज्या धोक्याबद्दल सांगत होता, तो त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत तंतोतंत खरा ठरला.

याच डोंगरांत पावणेदोनशे वर्षांनी शिवाजी महाराजांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी एका किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी ठेवून अधिकार वाटले आणि जहागिरीऐवजी रोख पगारावर भर दिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’तही किल्ल्यांच्या बंदोबस्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणी कोणाचे अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही. पण दख्खनमध्ये राज्य टिकवायचे तर किल्ला सरदाराचा नसून राज्याचा असला पाहिजे, या निष्कर्षावर गिलानहून आलेला वजीर आणि मराठी राज्याचा अमात्य दोघेही पोहोचले. आपण मात्र या दोघांना दोन वेगवेगळ्या इतिहासांत वाचतो. ते एकाच दख्खनच्या कारभाराचे दोन साक्षीदार आहेत, आणि शेजारी ठेवून वाचले तरच तो कारभार नीट समजतो.