डोमेन नावे, देवनागरी

इंटरनेटवरील संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीत लिहिण्याची व्यवस्था. तिच्या भारतीय भाषांसाठीच्या संशोधनात पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक; स्थापना 1988) मोठा वाटा आहे. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्र 27 ऑगस्ट 2014 रोजी खुले झाले. त्याची नोंदणी ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते.

डोमेन नावांची प्रणाली मुळात रोमन अक्षरांसाठी बांधलेली असल्याने देवनागरी नावाचे ‘प्युनीकोड’ पद्धतीने रोमन चिन्हांत रूपांतर करावे लागते. हे सोपे. खरी अडचण सारख्या दिसणाऱ्या नावांची: घ-ध, भ-म यांची गल्लत होते, आणि गुरुमुखीतला ट देवनागरीतल्या ट-सारखाच दिसतो. बँकेच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढणाऱ्याला एवढे पुरते. म्हणून कोणती अक्षरे चालतील, कोणती एकमेकांची पर्यायी मानायची, याचे नियम ठरवावे लागतात. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतला मराठी अर्धा र हा तर स्वतंत्र प्रश्न. हिंदीपुरत्या विचाराने तो सुटत नाही.

भारतात डोमेन नावांसाठी वेगळा अधिनियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये ‘रेडिफ’शी मिळत्याजुळत्या ‘रॅडिफ’ या नावाचा वापर रोखला. पुढे सत्यम इन्फोवे खटल्यात (2004) सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे ठरवले. ‘.इन’ व ‘.भारत’ नावांचे तंटे निक्सीच्या धोरणानुसार लवादाकडे जातात.