हमी कुणी घ्यायची?

३१ मार्च २००२ रोजी डॅनियल रॉबिन्स यांच्या ‘जेंटू’ लिनक्सची १.० आवृत्ती आली. इतर लिनक्स डिस्ट्रो तयार प्रोग्राम देत. जेंटू मात्र मूळ सोर्स कोड आणि तो बांधण्याची कृती देत असे. प्रोग्राम वापरणाऱ्याच्याच संगणकावर, त्याने निवडलेल्या पर्यायांनुसार घडे. फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’वरून स्फुरलेल्या या यंत्रणेचे नाव ‘पोर्टेज’.

याच मोकळीकीमुळे व्यापारी सॉफ्टवेअर कंपन्या जेंटूपासून दूर राहिल्या. त्या सोर्स कोड उघड न करता तयार बायनरी विकतात. ती चालेल अशी हमी द्यायची, तर समोर कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे हे ठाऊक हवे. रेड हॅट किंवा सुसेच्या व्यावसायिक आवृत्तीत ते ठरलेले असते, म्हणून ओरॅकलने त्यांना मान्यता दिली. जेंटूचे दोन संगणक सारखे असतीलच असे नाही. मग बिघाडाची जबाबदारी कुणाची? ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ने सर्वांसाठी समान नियम आखले खरे, पण पॅकेजसाठी त्यातही आरपीएमचाच साचा धरला होता.

वाट काढली ती स्वयंसेवकांनी. बंदिस्त सॉफ्टवेअरसाठीही त्यांनी ‘ईबिल्ड’ लिहिले. परवान्यात पुनर्वितरणाला मनाई असेल, तर पोर्टेज वापरणाऱ्याला मूळ फाइल कंपनीकडून आणायला सांगते आणि पुढची मांडणी स्वतः करते. काही कंपन्यांच्या रचनेचाही उपयोग झाला. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा गाभा बंद होता, पण कर्नलशी जोडणारा थर सोर्सरूपात मिळे. त्यामुळे तो हव्या त्या कर्नलसाठी बांधता येई. २०१३ मध्ये व्हॉल्वने ‘स्टीम’ लिनक्सवर आणले. अधिकृत पाठिंबा उबुंटूला होता, मात्र सोबत लायब्ररींचा ठरावीक संच दिल्याने ते इतरत्रही चालवता आले.

गूगलने तर क्रोम ओएस घडवायला पोर्टेजच वापरले. पण तिथे सगळे पर्याय कंपनीनेच ठरवले, ग्राहकाच्या हाती तयार प्रणालीच आली. सोर्समधून बांधणे ही व्यापाराची अडचण नव्हती. प्रत्येकाने वेगळे बांधणे, ही होती.

‘आमच्या डिस्ट्रोला पाठिंबा द्या’ ही मागणी म्हणूनच सहसा ऐकली गेली नाही. संख्येने थोड्या असलेल्यांनी नेमके मागावे: पुनर्वितरणाची परवानगी, साधी टार फाइल आणि लागणाऱ्या लायब्ररींची यादी. एवढे मिळाले तर उरलेले काम स्वयंसेवक करतात, हे जेंटूने दाखवून दिले आहे.